नाममुद्रा आणि मोजणी

दलित साहित्याच्या समीक्षेने गेल्या पन्नास-साठ वर्षांत कविता वाचली, आत्मकथन वाचले, कथा वाचली. गाणे मात्र तिने फारसे ऐकले नाही. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. वामनदादा कर्डकांचा 'वाटचाल' हा गीतसंग्रह १९७३ साली आला. पहिल्यावर किती लिहिले गेले आणि दुसऱ्यावर किती, हा हिशेब कोणत्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून करता येईल. ढसाळांच्या कवितेला जे मिळाले ते तिच्या हक्काचेच होते, त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ज्या गाण्याने अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत बाबासाहेब नेले, त्या गाण्याला आपण 'प्रचारगीत' म्हणून बाजूला सारले. प्रचार हा शब्दच जणू वाङ्मयीन दृष्ट्या हलका आहे, असे प्रस्थापित समीक्षेने मानले आणि आपणही ते निमूटपणे मान्य केले.

आज तोच शब्द इंग्रजी पोशाखात परत आला आहे. आपल्या वस्त्यांतला जो तरुण आज गातो, रॅप लिहितो, त्याला चहूकडून सांगितले जाते की गाणे करणे हे अर्धेच काम, उरलेले अर्धे काम प्रमोशन. फरक एवढाच की जलसाकार विचाराचा प्रचार करत होते आणि या तरुणाने स्वतःचा प्रचार करावा अशी अपेक्षा आहे. 'स्वतंत्र कलावंताने आपला श्रोतृवर्ग कसा वाढवावा' या विषयावर पुस्तिका आहेत, शिबिरे आहेत, व्हिडिओ आहेत. या सल्ल्यांचे एक वाङ्मयच तयार झाले आहे, आणि वाङ्मय म्हटले की त्याची समीक्षा करण्याचा अधिकार आपल्यालाही पोचतो. त्या वाङ्मयातला कलावंत कोण आहे? त्याचे घर कुठे आहे? त्याचा श्रोता कोण आहे? हे प्रश्न मला विचारायचे आहेत.

माझ्या एका विद्यार्थ्याने असे एक नियोजन मला दाखवले. तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, रॅप लिहितो आणि चांगला लिहितो. वहीच्या जोडपानावर त्याने सहा आठवड्यांचे रकाने आखले होते. पहिल्या दोन आठवड्यांत पोस्टर आणि गाण्याचा छोटा तुकडा. तिसऱ्या आठवड्यात गाणे वितरण सेवेकडे चढवणे. मग प्लेलिस्टसाठी अर्ज. तो गाणे येण्याच्या किमान सात दिवस आधी करायचा, हे त्याला पाठ होते. शुक्रवारी गाणे प्रसिद्ध. त्यानंतर रोज एक रील, आणि जाहिरातीसाठी थोडे पैसे. शेवटच्या रकान्यात 'लक्ष्य' असे लिहून त्याने एक आकडा घातला होता.

या कागदाला हसण्याचे मला काही कारण दिसले नाही. मध्यमवर्गीय रसिकाला कलावंताने हिशेब केलेला खपत नाही. कलावंत म्हणजे धुंद, विसराळू, पैशाला शिवणारा नव्हे, ही कल्पना ज्यांच्या घरी भाताची चिंता नाही त्यांची आहे. मुलगा नीट विचार करत होता. नियोजनातल्या पुष्कळ गोष्टी योग्यही होत्या. आधीपासून तयारी करावी, एकदम सगळी गाणी बाहेर काढू नयेत, ऐकणाऱ्याशी सतत बोलत राहावे, यात चुकीचे काय आहे?

पण मी त्याला विचारले, गाणे कोणाचे? तो म्हणाला, माझेच की सर. मग एकेक गोष्ट बाहेर आली. शब्द त्याचे होते. खालचा ताल त्याने इंटरनेटवरून भाड्याने घेतला होता, आणि त्या भाडेपट्टीत गाणे अमुक इतक्या वेळा ऐकले जाईपर्यंतच परवानगी अशी अट होती. ती त्याने वाचली नव्हती. ध्रुपदाची चाल त्याच्या आजीच्या जात्यावरच्या ओवीची होती. आणि स्टुडिओचे पैसे वॉर्डातल्या एका होतकरू पुढाऱ्याने दिले होते, कारण गाणे १४ एप्रिलच्या तोंडावर येणार होते आणि सुरुवातीला पुढाऱ्याचा फोटो येणार होता. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक हा निर्माता, म्हणजे ज्याच्या पुढाकाराने आणि जबाबदारीवर ते केले गेले तो. लेखी काही नव्हते. उद्या गाणे चालले असते तर 'निर्माता मी' असे पुढारी म्हणू शकला असता, आणि पोराच्या हातात वाद घालण्यापलीकडे काही नव्हते. सहा आठवड्यांच्या त्या रकान्यांत 'गाणे कोणाचे' हा रकानाच नव्हता. ज्या पुस्तिकांवरून त्याने तो कागद आखला त्यांतही तो पुढे असत नाही. असला तर शेवटी, तळटीपेसारखा असतो.

हे आपोआप झालेले नाही. त्या पुस्तिका ज्या 'स्वतंत्र' माणसासाठी लिहिल्या जातात त्याच्याकडे स्वतःची खोली आहे, स्वतःचा संगणक आहे, वर्षभर पडत-धडपडत शिकायला उसंत आहे. त्याला स्टुडिओसाठी पुढाऱ्याच्या दारात जावे लागत नाही. स्वातंत्र्य त्याच्या घरात आधीच आहे, म्हणून त्याच्या नियोजनाची सुरुवात श्रोत्यांपासून होऊ शकते. आपल्या मुलाचे नियोजन त्याच्या आधीच्या पायरीपासून सुरू झाले पाहिजे. 'स्वतंत्र' हे विशेषण त्याला जन्माने मिळालेले नाही, ते त्याला कागदावर सही करून मिळवायचे आहे.

आता मोजणीकडे येतो, कारण सगळे लक्ष्य तिथेच लागलेले असते.

पुष्कळांची समजूत अशी की गाणे एकदा वाजले की ठराविक पैसे मिळतात. तसे नसते. स्पॉटिफायसारख्या कंपनीकडे वर्गणीचे आणि जाहिरातींचे पैसे जमा होतात. सुमारे एक तृतीयांश कंपनी ठेवते. उरलेले हक्कधारकांना, एकूण ऐकण्यातल्या त्यांच्या वाट्याप्रमाणे, वाटले जातात. म्हणजे सगळ्यांचे धान्य एकाच खळ्यावर येते आणि तिथून वाटले जाते. लातूरच्या एखाद्या शिक्षिकेने महिनाभर फक्त भीमगीतेच ऐकली, तरी तिची वर्गणी भीमगीते गाणाऱ्यांच्या ओटीत पडत नाही. ती राशीत पडते, आणि राशीतून ज्याची गाणी सर्वांत जास्त वाजली त्याला सर्वांत जास्त मिळते. आमच्या आजोबांच्या पिढीला खळ्यावरचा हा हिशेब समजावून सांगावा लागला नसता. वाटपाचा दुसरा मार्ग नाही असेही नाही. साउंडक्लाउडने २०२१ साली ऐकणाऱ्याचे पैसे त्याने ऐकलेल्या कलावंतालाच जातील अशी पद्धत आपल्याकडच्या स्वतंत्र कलावंतांपुरती सुरू केली. मोठ्या कंपन्यांनी खळ्याची पद्धत सोडलेली नाही.

त्यातही २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला की मागच्या बारा महिन्यांत एक हजारपेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या मानधनात वाटाच नाही. शिवाय 'डिस्कव्हरी मोड' नावाची एक सोय आहे. तिच्यात आगाऊ पैसे भरायचे नाहीत. गाणे अधिक लोकांपुढे यावे म्हणून, त्या वाटेने आलेल्या ऐकण्यावरच्या मानधनातले तीस टक्के कंपनीला सोडायचे. प्रचाराचा खर्च मजुरीतून कापून घेण्याची ही पद्धत आहे. सल्ल्याच्या पुस्तिका तिला 'संधी' म्हणतात.

पण मला त्याहून मोठा आक्षेप मोजणीच्या एककावर घ्यावासा वाटतो. स्ट्रीमिंगची मोजणी एका माणसाच्या एका कानाची आहे. माझ्या लहानपणी, १९९०च्या दशकात, आमच्या घरात टेपरेकॉर्डर नव्हता आणि आजूबाजूच्या बहुतेक घरांत नव्हता. गाणे विहाराच्या कर्ण्यावरून यायचे. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज आम्ही भांडी घासताना, शाळेत जाताना, आजारी पडून घरात असताना ऐकले. विकत घेऊन ऐकले नाहीत. पुढे मोबाइलच्या दुकानांत दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली. ती एका फोनवरून दुसऱ्यात गेली. आजही जयंतीच्या मिरवणुकीत एका फोनला डीजेची तार लागते आणि हजारो माणसे त्या गाण्यावर चालतात. कंपनीच्या वहीत ते एक ऐकणे असते. गाणे आधीच उतरवून घेतलेले असले तर एकही नसते. आमचे ऐकणे समूहाचे आहे, आणि हे यंत्र समूह मोजत नाही. तेव्हा 'तुमच्या गाण्याला श्रोता नाही, तो शोधा' असे जेव्हा पुस्तिका सांगते, तेव्हा तिने आधी श्रोता म्हणजे कोण हे तपासले पाहिजे. इंदू मिलच्या शेजारी चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर जो समुदाय उभा असतो, तेवढा समुदाय शोधायला प्रस्थापित गायकाला किती जाहिरात करावी लागते?

हा समुदाय कसा उभा राहिला, हेही सांगितले पाहिजे. भीमराव कर्डकांचे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक १९७८ साली आले. आमच्या संगीत करू पाहणाऱ्या मुलांना मी ते वाचायला देतो, कारण प्रचाराचे नियोजन काय असते ते त्यात आहे. जलसा गावात जायचा तेव्हा कुठे उतरायचे, कोणत्या वस्तीत बोर्ड लावायचा, कोणत्या प्रश्नावरचा फार्स तिथे करायचा, हे ठरवावे लागे. गणातल्या देवाला नमन नको म्हणून तिथे बाबासाहेबांना वंदन आले, तमाशातली गवळण गेली. आशय बदलला तसा ढाचा बदलला. त्या नियोजनाच्या केंद्रस्थानी एक प्रश्न होता: ज्याला हे ऐकणे गरजेचे आहे तो कुठे बसला आहे? आजच्या पुस्तिकेच्या केंद्रस्थानी प्रश्न असा आहे: जो आधीच असे काही ऐकतो तो कुठे आहे? यंत्र दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देऊ शकते. ज्याने कधी असे गाणे ऐकलेच नाही अशा माणसापुढे ते गाणे नेण्यात यंत्राला स्वारस्य नाही.

मोजणी तीस सेकंदांची आहे, आणि इथे प्रश्न थेट वाङ्मयाचा होतो. तीस सेकंद ऐकले की एक ऐकणे धरले जाते. त्यामुळे गाणे कसे सुरू व्हावे याविषयी सल्ले तयार झाले: लांब आलाप नको, प्रास्ताविक नको, ध्रुपद लगेच यावे, पकड पहिल्या पाच-सात सेकंदांत बसावी. रीलसाठी तर पंधरा-वीस सेकंदांचा तुकडाच वेगळा काढायचा. आता आपल्या परंपरेत कवीचे नाव कुठे असते ते पाहा. नामदेव, तुकाराम, चोखामेळा यांच्या अभंगांत नाव शेवटच्या चरणात येते. सोयराबाईने तिथे स्वतःला चोख्याची महारी म्हणवून घेतले, म्हणजे त्या एका जागेत नवरा, जात आणि कवित्व या तिन्हींची नोंद झाली. शाहिरांनी तीच रीत पाळली. वामनदादांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. ही नुसती लकब नव्हे. ज्यांच्याकडे छापखाना नव्हता, करारनामा नव्हता, कोर्टात जाण्याची ऐपत नव्हती, त्यांनी आपला हक्क गाण्याच्याच कापडात विणून ठेवला होता. गाणे ज्याने नेले त्याला नावही न्यावे लागे. नाव काढले तर यमक मोडे, चरण लंगडा होई. तोंडी परंपरेतले हे हक्कपत्र होते आणि ते शतकानुशतके टिकले.

तीस सेकंदांच्या कात्रीत सर्वांत आधी कापले जाते ते शेवटचे कडवे. म्हणजे मुखडा राहतो आणि मुद्रा जाते. ध्रुपद लाखो तोंडी होते आणि ज्याने ते रचले तो गाण्याबाहेर पडतो. आजचे नवे गीतकार तर नाममुद्रा घालतही नाहीत, कारण ते जुनाट वाटते. गाण्याच्या आतले नाव गेले. मग बाहेरचे नाव तरी आहे का? वितरण सेवेच्या फॉर्मवर गीतकार, संगीतकार, गायक, निर्माता असे रकाने असतात. आपल्याकडे ते घाईत भरले जातात. गायकाचे नाव ठळक, कॅसेट-कंपनीचे किंवा चॅनेलचे नाव त्याहून ठळक, आणि गीतकाराच्या जागी कुठे काहीच नाही तर कुठे 'पारंपरिक'. पारंपरिक! ज्या माणसाला आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले, ज्याच्या पेटीजवळ बसून गाणे ऐकले, तो परंपरा होऊन गेला.

कॅसेटच्या काळात हेच घडले होते, हे विसरता कामा नये. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि आपल्या गायकांना प्रथमच मोठी बाजारपेठ मिळाली. आनंद शिंदे यांच्या आवाजातली गाणी लग्नाच्या मांडवात सर्वजातीय झाली. त्यांचे वडील प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी तर अशा देवळांच्या कर्ण्यांवरून वाजली, ज्यांच्या गाभाऱ्यात एकेकाळी त्यांच्या पूर्वजांना पाऊल टाकता आले नसते. आवाज सर्वत्र पोचला. पण कॅसेटचा रिवाज एकरकमी पैशांचा होता. गायकाला एकदा काय ते मिळे, गीतकाराला त्याहून कमी, ढोलकीवाल्याला दिवसाची मजुरी. पोहोच आणि हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पहिलीच्या आनंदात दुसरी हातची जाते, हे आपल्याच घरातले उदाहरण होते.

हीच गोष्ट अलीकडे तमिळनाडूत घडली, आणि स्ट्रीमिंगच्या भर प्रकाशात घडली, म्हणून तिच्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. अरिवु हा तमिळ कवी-रॅपर पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'मधून पुढे आला. मार्च २०२१मध्ये 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे प्रसिद्ध झाले. त्यामागे अरिवुच्या आजीची, वल्लियम्माची आठवण आहे. ब्रिटिश काळात तमिळ प्रदेशातले भूमिहीन मजूर सिलोनच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांत अस्पृश्य जातींचे लोक फार मोठ्या संख्येने होते. १९६४च्या शास्त्री-सिरिमावो करारानंतर त्यांच्यातल्या लाखोंना भारतात परत पाठवण्यात आले. तिथल्या चहाच्या मळ्यात राबलेल्या आणि परत आल्यावरही जमिनीचा तुकडा न मिळालेल्या बाईचा नातू जमिनीचे गाणे लिहितो. मयतावर गायच्या ओप्पारीचा सूर त्यात आहे. मजूर मालकाला ज्या शब्दाने हाक मारी, तो शब्द त्यात आजी-नातवाच्या जिव्हाळ्याचा होतो. हे गाणे यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले गेले.

प्रसिद्ध करणारी कंपनी 'माज्जा' ही होती, ए. आर. रहमान यांचा तिला पाठिंबा होता आणि स्वतंत्र कलावंतांना जगापुढे नेणे हा तिचा घोषित हेतू होता. आता गाण्याचे शीर्षक कसे छापले गेले ते पाहा: आधी गायिका धी, मग 'फीचरिंग अरिवु', मग निर्मिती संतोष नारायणन. 'फीचरिंग' हा शब्द संगीताच्या धंद्यात पाहुण्यासाठी वापरतात. आपल्या आजीच्या आयुष्यावरच्या गाण्यात, जे शब्द आपणच लिहिले त्या गाण्यात, नातू पाहुणा म्हणून आला. पुढचे सगळे या एका शब्दातून वाहत गेले असे मला वाटते. ऑगस्ट २०२१मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर धी आणि शान व्हिन्सेंट डी पॉल आले. दोन्ही चर्चित गाण्यांशी लेखक म्हणून नाते असलेला अरिवु नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर निषेध केला, त्यानंतर नियतकालिकाने अरिवुचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ काढले. जुलै २०२२मध्ये चेन्नईत बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनात हे गाणे झाले तेव्हाही मंचावर अरिवु नव्हता. गाणे आपण रचले, लिहिले, गायले असे त्याने तेव्हा जाहीरपणे लिहिले. धी आणि संतोष नारायणन यांनी आपली वेगळी बाजू मांडली आणि श्रेय वाटून दिले असल्याचे सांगितले. मार्च २०२४मध्ये संतोष नारायणन यांनीच जाहीर केले की तीन वर्षांत या गाण्याचे उत्पन्न कलावंतांच्या हाती आलेले नाही. कोण किती खरे याचा निवाडा मी करू शकत नाही. माझा मुद्दा असा की प्रमोशनच्या कोणत्याही पुस्तिकेच्या मापाने हे गाणे पूर्णांशाने यशस्वी आहे. सगळी लक्ष्ये गाठली गेली, आणि तरी शब्द कोणाचे आणि पैसे कोणाचे हे दोन साधे प्रश्न तीन वर्षांनीही भांडणात राहिले. प्रचार अपुरा पडला म्हणून हे झाले असे कोणी म्हणू शकणार नाही.

इतके सांगून झाल्यावर विद्यार्थी विचारतो, मग सर, काय करू? रील करू नको असे मी त्याला सांगत नाही. उद्वेगाने यंत्राकडे पाठ फिरवणे ही चैन आहे. पण रकान्यांचा क्रम बदलता येतो.

पहिला आठवडा कागदाचा. कोणी काय केले ते लिहून सर्वांच्या सह्या. आजीच्या ओवीचा उल्लेख, तिच्या पूर्ण नावासह. पुढाऱ्याने पैसे दिले तर ते उसने की देणगी, आणि ध्वनिमुद्रणाची मालकी कोणाची, हे स्पष्ट. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो; मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही 'हे माझे आहे' असे म्हणण्याचा लेखकाचा अधिकार जात नाही. आणि २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराच्या मानधनाचा हिस्सा असा बांधून दिला की चित्रपटातल्या आणि ध्वनिमुद्रित गाण्याच्या बाबतीत तो वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज कोणाला लिहून देता येत नाही. ही दुरुस्ती व्हावी म्हणून जावेद अख्तर संसदेत भांडले. तिचा फायदा आपल्या किती गीतकारांनी घेतला? इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे. तिचे सभासद व्हायला चित्रपटाचे गीतकार असावे लागत नाही. आपल्या गीतकाराला हे सांगायला कोणी जात नाही, कारण ते सांगणे क्रांतिकारक दिसत नाही.

मग दिनदर्शिका. शुक्रवार हा जागतिक संगीत-धंद्याचा वार आहे. आपला श्रोता ३ जानेवारी, ११ आणि १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, १ ऑगस्ट, ६ डिसेंबर या दिवसांना एकत्र येतो. गाणे त्या दिवशी न काढता तीन आठवडे आधी काढावे, म्हणजे लोकांना ते येऊ लागेल आणि त्या दिवशी ते सोबत म्हणतील. जालंधरची गिन्नी माही आपल्या रविदासिया समाजाच्या मेळाव्यांतून गात पुढे आली; २०१६च्या सुमारास तिची गाणी देशभर ऐकली गेली तेव्हा तिचा पाया आधीच भरलेला होता. अर्थात यात धोका आहे. जयंतीपुरते गाणे लिहिण्याची सवय लागली की कवी जयंतीचा कंत्राटदार होतो. पाणी, नोकरी, शिष्यवृत्ती, आंतरजातीय लग्नातला खून यांवरचे गाणे कोणत्या तारखेला काढायचे? ते रखडते. त्याला तारीख आपणच तयार करावी लागेल.

आणखी एक रकाना पुस्तिकांत नसतो. पोहोच वाढली की पोलीसही पोचतात. एप्रिल २०२३मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी २०१३ साली विधानभवनासमोर स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले. माळी यांना जामीन मिळायला २०१७ उजाडले. ज्याचे गाणे बोचते त्याच्या नियोजनात वकिलाचा फोन नंबर पाहिजे. गाणे गायकाच्या एकट्या नावावर, एकट्या फोनवरून बाहेर पडण्याऐवजी संघटनेच्या पाठबळाने बाहेर पडले तर फरक पडतो. 'स्वतंत्र' या शब्दाचा एकटेपणा आपल्याला परवडणारा नाही.

आपल्याकडे बोट करायचे राहिले. जयंती मंडळाच्या माइकवरून वर्गणीदारांची नावे दहा-दहा वेळा घेतली जातात. कोणी जनरेटर दिला, कोणी पाण्याचे जार दिले, सगळे कळते. वाजणारे गाणे कोणी लिहिले हे एकदाही सांगितले जात नाही. डीजेला हजारो रुपये जातात आणि त्याच तालुक्यातल्या हयात गीतकाराला मंचावर हारसुद्धा नाही. कार्यकर्ते गाणे उतरवून घेतात, सुरुवातीचे नाव कापतात, आपल्या गटाचे चिन्ह लावून पुढे पाठवतात, आणि त्याला चळवळीचे काम म्हणतात. गाणे चळवळीचे आहे हे खरे. म्हणून गीतकाराचे नाव कापण्याचा अधिकार चळवळीला मिळत नाही. प्रस्थापितांनी आपली नावे पुसली अशी तक्रार करणाऱ्यांनी स्वतःच्या हातातला खोडरबर आधी खाली ठेवावा. महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी हे काम घेतले तर एका वर्षात एका जिल्ह्याच्या गीतकारांची यादी होईल: नाव, गाव, गाणी, चाल कोणाची, वारस कोण. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला याहून चांगला विषय मला सुचत नाही. 'अमुक कादंबरीतील स्त्रीचित्रण' पुष्कळ झाले.

वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ सालाच्या अखेरपर्यंत जिवंत आहे. जिथे तो लिहून दिलेला नाही तिथे तो वारसांचा आहे. त्यांची गाणी आज शेकडो चॅनेलांवर, वेगवेगळ्या आवाजांत वाजतात. प्रत्येक गाण्याखाली गीतकाराचा रकाना आहे, आणि तो उघडून पाहायला एक मिनिट लागते. माझ्या वर्गातल्या मुलांनी मागच्या महिन्यात हे काम सुरू केले आहे. शेवटचे कडवे ऐकायचे, 'वामन' आला की खाली रकाना पाहायचा, आणि दोन्ही वहीत लिहायचे.